लघवीची कळ आली की धावू नका: घाईच्या लघवीसाठी घरी करायचा व्यायाम

मृण्मयी_फिजिओ, बेळगाव

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शहापूर, वडगाव, अनगोळपासून येळ्ळूर-कडोलीपर्यंत घरोघरी जाऊन व्यायाम शिकवते. बोलावणं येतं ते गुडघ्यासाठी, कंबरेसाठी, नाहीतर पक्षाघातासाठी. पण थोडी ओळख झाली की बऱ्याच जणी दार लोटून घेतात आणि दुसरंच विचारतात. "ताई, लघवीला लागली की दम निघत नाही. मोरीपर्यंत जाईस्तोवर परकर भिजतो. यावर काय उपाय आहे का?"

उपाय आहे, आणि त्यातला मोठा भाग घरी, बिनखर्चात करता येतो. सगळ्यांनी वाचावं आणि विचारावं म्हणून हा धागा काढते आहे.

आधी प्रकार समजून घ्या. शिंकताना, खोकताना, वैरणीचा भारा किंवा घागर उचलताना थेंब गळतात तो एक प्रकार. तिथं मूत्रमार्गाला खालून आधार कमी पडलेला असतो. दुसरा प्रकार घाईचा. अचानक जोराची कळ येते आणि पोचायच्या आत लघवी सुटते. नळ सोडला, भांडी घासायला पाण्यात हात घातला, गार वारं लागलं, बाजारातून येऊन कुलपाला किल्ली लावली, की कळ आलीच. मूत्राशयाची भिंत स्नायूची असते, तिला डिट्रूसर म्हणतात. घाईच्या प्रकारात ही भिंत आपण परवानगी देण्याआधीच आवळायला लागते. मूत्राशयात एरवी ३०० ते ५०० मिली लघवी आरामात मावते, पण अशा बाईला त्याच्या निम्म्यातसुद्धा थांबवत नाही. पुष्कळ जणींना दोन्ही प्रकार एकदम असतात.

हा धागा मुख्यतः दुसऱ्या प्रकारासाठी आहे. कारण पहिल्यासाठी "केगल करा", म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळा-सोडा, हे आता सगळ्यांच्या कानावर आलंय. अमेरिकेतल्या डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले, त्यांचंच नाव त्याला पडलं. घाईवाल्या बाईलाही तेच सांगतात, पण ते कळ आली त्या क्षणाला कसं वापरायचं हे सांगायचं राहून जातं. आणि खरी मदत तिथंच होते.

ओटीपोटाच्या तळाला, पुढच्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत, झोळीसारखे स्नायू बांधलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांचा भार त्यांच्यावर असतो. शरीराची मूळचीच सोय अशी की हे स्नायू ढिले पडले की मूत्राशय रिकामं व्हायला लागतं, आणि हे आवळले की मज्जारज्जूतून मूत्राशयाला निरोप जातो आणि त्याची भिंत सैल पडते. म्हणजे तळ नीट आवळता आला तर कळ दाबता येते. इच्छाशक्तीचा यात फार संबंध नाही, नसांचं काम आहे ते.

स्नायू ओळखायला उताणं झोपून गुडघे वाकवा. चारचौघांत गॅस थोपवायचा असेल तर मागची जागा कशी आवळून वर घेतो, तशी घ्या. मग त्याच ओढीत पुढची लघवीची जागाही आत आणि वर घ्या. पोट, मांड्या, ढुंगण सैलच राहिलं पाहिजे. श्वास रोखायचा नाही; मोठ्यानं आकडे मोजत केलं तर श्वास आपोआप चालू राहतो. खात्री करायची असेल तर एकांतात आरसा धरून बघा. योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा आत ओढली गेली तर बरोबर. ती बाहेर फुगत असेल तर तुम्ही कुंथताय, आणि तसं करत राहिलात तर त्रास वाढेल.

सुरुवातीला ३ ते ५ सेकंद धरा आणि तेवढाच वेळ, किंवा थोडा जास्त, पूर्ण सैल सोडा. सैल सोडणं हाही व्यायामाचाच भाग आहे. हळूहळू १० सेकंदांपर्यंत न्या. असं ८ ते १० वेळा, दिवसातून ३ वेळा. प्रत्येक वेळी शेवटी पटकन आवळा-सोडा, आवळा-सोडा असे दहा झटके. आधी झोपून जमवा, मग बसून, मग उभं राहून. उभ्यानं जमलंच पाहिजे, कारण कळ गाठते ती उभ्यानंच.

आता कळ आल्यावर काय करायचं. सगळ्याजणी धावतात. धावलं की पोटातला दाब वाढतो, तळाला हिसके बसतात, लक्ष सगळं संडासाच्या दारावर लागतं आणि कळ आणखी चढते. म्हणून जिथं असाल तिथं थांबा. जमलं तर बसा, नाहीतर ओट्याला, भिंतीला धरून उभ्या राहा. तळाचे पाच-सहा झटके द्या, पटापट. खांदे सोडा, श्वास सावकाश घ्या. मन दुसरीकडं न्या: वाण्याची यादी आठवा, शंभरपासून उलटे आकडे म्हणा. कळ चढते, टोकाला जाते आणि ओसरते. पुन्हा उठली तर पुन्हा झटके. ओसरली की मग चालत जा, साध्या चालीनं. पहिले काही दिवस थांबल्या जागीच थोडं ओलं होईल. म्हणून हे घरात, मोरीजवळ असताना शिकायला घ्या. बसमध्ये, बाजारात नंतर.

रोजचा व्यायाम या क्षणासाठी ताकद तयार करतो, एवढं लक्षात ठेवून करा. प्रश्न विचारा. लाजू नका, नाव लिहायची गरज नाही.

येळ्ळूरची_सून

ताई, फार उपकार झाले. मी ३४ वर्षांची, दोन बाळंतपणं झाली. माझं असं आहे की घराबाहेर पडायच्या आधी लागली नसली तरी जाऊन येते. शेतात निघताना, बस धरताना, पाहुणे यायच्या आधी. आता तर तासातासाला जावं लागतंय. हे चांगलं की वाईट?

मृण्मयी_फिजिओ, बेळगाव

लांबच्या प्रवासाला निघताना एकदा जाऊन येणं ठीक. पण दर वेळी न लागता गेलं की मूत्राशयाला थोड्याच लघवीत रिकामं व्हायची सवय लागते आणि पहिली साधी जाणीवसुद्धा कळ वाटायला लागते. तुला व्यायामाच्या जोडीनं वेळ वाढवत न्यायला हवा.

आधी तीन दिवस वहीत लिहून काढ: किती वाजता गेलीस, साधारण किती झाली, कळ किती जोराची होती, गळली का, काय प्यालीस. मापासाठी खुणा असलेला जुना प्लॅस्टिकचा मग बाजूला ठेव. वही बघितली की तुझं सध्याचं अंतर कळेल. समजा एक तास. मग पहिला आठवडा सव्वा तासानंच जायचं. मध्ये कळ आली तर थांबून झटके द्यायचे आणि ती ओसरू द्यायची. ते जमलं की दीड तास. अशी पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत अडीच-तीन तासांवर यायचं. कमीत कमी ६ आठवडे द्यावे लागतात. दिवसाला सात-आठ वेळा जाणं नेहमीचंच समजतात, त्यापेक्षा कमीचा हट्ट धरू नकोस. आणि रात्री झोपमोड करून हा सराव करायचा नाही.

निपाणीची_अक्का

मी निपाणीची. आयुष्य तंबाकूच्या वखारीत गेलं, आता घरात बसून बिड्या वळतो. वखारीत संडास लांब, कामावरनं उठलं की बोलणी बसायची, म्हणून सकाळी च्या पिऊनच जायची सवय लागली. पानी न्हाईच. आता वय ५८. बसलेलं असलं की काय न्हाई, पन उठून उभं ऱ्हायलं की कळ येतीया आन् पाय उचलायच्या आत व्हतंय. हे नात वाचून दाखवतीया आन् तीच लिहितीया. मी पानी आनखी कमी करू का?

मृण्मयी_फिजिओ, बेळगाव

अक्का, पाणी कमी करू नका. तुमच्यासारख्या कितीतरी जणींनी कामाच्या ठिकाणी सोय नव्हती म्हणून तहान मारली, आणि त्याची किंमत आता चुकवत आहेत. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट, पिवळीजर्द होते, ती मूत्राशयाला झोंबते आणि कळ जास्त येते. शौचालाही खडा होतो. कुंथून कुंथून तळाचे स्नायू ढिले पडतात आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. दिवसभरात दीड ते दोन लिटर, थोडं थोडं करून प्या. संध्याकाळनंतर कमी करा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरच सांगतील.

कमी करायचा असेल तर चहा करा. चहातलं कॅफीन घाई वाढवतं. एकदम सोडलात तर डोकं दुखेल, म्हणून एक एक कप कमी करा.

आणि उठण्याचं असं करा. पाट सोडायच्या आधी, बसल्या जागीच पाच-सहा झटके द्या. मग तळ आवळून धरूनच उठा. उभं राहिल्यावर लगेच पाऊल उचलू नका, तिथंच क्षणभर थांबा, कळ गेली की चाला. बिड्या वळताना हात गुंतलेले असतात पण तळ मोकळा असतो, तेव्हा बसल्याबसल्या तुमचा दुपारचा व्यायाम होऊन जाईल. नातीला माझा आशीर्वाद सांगा. आजीसाठी हे वाचून दाखवणारी मुलगी फार मोठं काम करते आहे.

अनगोळ_योगवर्ग

ताई, हे आपल्याकडचं मूलबंध आणि अश्विनी मुद्राच झालं की. मी बायकांचा सकाळचा वर्ग घेते, तिथं रोज करतो. मग वेगळं काही करायची गरज आहे का?

मृण्मयी_फिजिओ, बेळगाव

तुमच्या वर्गातल्या बायका अर्धी वाट चालून आल्या आहेत असंच म्हणेन. स्नायू तेच. दोन गोष्टी फक्त तपासून घ्या. अश्विनी मुद्रेत भर मागच्या जागेवर, गुदद्वारावर असतो. घाईच्या लघवीसाठी पुढच्या जागेची ओढही स्पष्ट जाणवली पाहिजे. आणि मूलबंध बऱ्याचदा श्वास रोखून करतात. इथं श्वास चालू ठेवून करायला लावा, कारण श्वास रोखला की पोटातून खाली दाब येतो. मग वर्गाच्या शेवटी उभ्यानं झटके आणि "कळ आली की थांबा" हे शिकवा. तुमच्यासमोर इतक्या जणी रोज येतात, तुमच्या तोंडून त्या ऐकतील. माझ्याकडं येईपर्यंत वर्षं जातात.

चिकोडीचा_लेक

मुलानं विचारावं का हा प्रश्न पडला होता, पण विचारतो. आई ६९ वर्षांची, साखरेचा आजार जुना, बीपीची गोळी चालू. गावाकडच्या घरात संडास परड्यात. पावसाळ्यात रात्री तीन-चार वेळा उठते, दोनदा पाय घसरलाय. मला सांगत नाही, बायकोकडून कळलं. तिला या वयात व्यायाम जमेल का?

मृण्मयी_फिजिओ, बेळगाव

विचारलंत हे फार बरं केलंत. व्यायाम जमेल, पण तुमच्या आईच्या बाबतीत आधी बाकीच्या गोष्टी बघा.

सगळ्यात आधी तिचं पडणं थांबवा. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतं. रात्रीपुरती खोलीतच सोय करा: कमोडची खुर्ची, नाहीतर झाकणाचं भांडं आणि धरायला भक्कम स्टूल. वाटेत दिवा. परड्यातल्या फरशीवरचं शेवाळ खरवडून काढा. घाईत अंधारातून धावणारी म्हातारी बाई, हे चित्र आपल्या भागात पावसाळ्यात घरोघरी आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

साखर तपासा. वाढलेली असेल तर लघवी मुळातच जास्त होते, तिथं नुसत्या व्यायामानं भागणार नाही. लघवीची साधी तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना बघा. जुन्या मधुमेहात कधी कधी मूत्राशय नीट रिकामंच होत नाही, भरून वाहतं, आणि ते घाईसारखंच दिसतं. म्हणून लघवी करून आल्यावर आत किती शिल्लक राहते ते सोनोग्राफीत बघायला सांगा. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ती केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना विचारा; वेळ बदलून रात्रीचं उठणं कमी होतं का ते ते ठरवतील. संध्याकाळी पायावर सूज असेल तर दुपारी पाय उंच करून तासभर पडू द्या, नाहीतर तेच पाणी रात्री लघवीवाटे येतं.

हे बघून झालं की व्यायाम. तुमच्या पत्नीनं, बहिणीनं किंवा गावातल्या आशाताईंनी सोबत बसून शिकवलं तर उत्तम. "तुझ्यासाठी" म्हणण्यापेक्षा "आपण दोघी करू" म्हटलं की सासवा तयार होतात, हा माझा अनुभव.

हुक्केरी_रहिवासी

मला डॉक्टरांनी गोळी दिली आहे, तिनं बरं आहे. वय ६१. मग कशाला एवढा खटाटोप? व्यायाम तरण्या बायकांना ठीक. या वयात स्नायू कुठले तयार होतात?

मृण्मयी_फिजिओ, बेळगाव

गोळीनं बरं वाटत असेल तर आनंदच आहे, आणि ती मनानं बंद करू नका. पण वयाचं म्हणाल तर एक गोष्ट सांगते. १९९८ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. ५५ ते ९२ वयाच्या १९७ बायका, बहुतेकींना घाईचाच त्रास. एका गटाला तळाचे स्नायू ओळखायला आणि कळ दाबायला शिकवलं, दुसऱ्याला ऑक्सिब्युटिनिन या घाईवरच्या औषधाची गोळी, तिसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी. गळण्याचे प्रसंग शिकवलेल्या गटात सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झाले, औषधाच्या गटात सुमारे ६९ आणि दिखाऊ गोळीच्या गटात ३९. त्यात नव्वदीच्या आजीही होत्या. स्नायू कुठल्याही वयात शिकतो, वेळ थोडा जास्त लागतो इतकंच.

ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन या जातीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, आणि म्हाताऱ्या माणसांत विसरभोळेपणाही वाढू शकतो. काचबिंदूच्या काही प्रकारांत त्या चालत नाहीत. मिराबेग्रॉन वेगळ्या पद्धतीनं काम करते, पण तिथं बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. पाळी गेल्यावर योनीमार्ग कोरडा पडून घाई वाढली असेल तर डॉक्टर तिथं लावायचं इस्ट्रोजेनचं मलम देतात, त्याचाही उपयोग होतो. गोळी आणि व्यायाम दोन्ही चालू ठेवा, आणि जम बसला की गोळी कमी करायची का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

हुक्केरी_रहिवासी

तोंड कोरडं पडतंय ते खरंच. त्यासाठी मी दिवसभर पाणी पिते आणि मग पुन्हा लघवीला. हे लक्षातच आलं नव्हतं. बसून करून बघते.

खानापूरकर_मावशी

तीन आठवडे झाले मी करते आहे, काडीचा फरक नाही. इकडं पाऊस, गारठा, दिवसभर लघवी. सोडून द्यावं वाटतंय.

मृण्मयी_फिजिओ, बेळगाव

मावशी, सोडू नका. तीन आठवड्यांत फरक दिसला तर नशीब, व्यायामाला निदान ३ महिने द्यावे लागतात. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात, गारठ्यात घाम येत नाही, म्हणून लघवी जास्त होते आणि गार पाण्यानं कळही येते. त्यामुळं पावसाळ्यात मोजमाप कळ किती वेळा आली यावर करू नका. कळ आल्यावर किती वेळा कोरड्या राहिलात, ते बघा.

पण एकदा पद्धत तपासून घ्या. १९९१ सालचा एक अभ्यास आहे, त्यात बायकांना नुसतं तोंडी सांगून आवळायला लावलं. जेमतेम निम्म्या जणींना बरोबर जमलं, आणि चौथाई बायका त्रास वाढेल अशा तऱ्हेनं उलटा खाली जोर देत होत्या. म्हणून आरशात बघा, किंवा आंघोळीच्या वेळी स्वच्छ बोट योनीत ठेवून आवळा. बोटाभोवती पकड येऊन ते आत ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. बाहेर ढकललं गेलं तर चुकतंय. लघवी करताना मध्येच धार तोडून व्यायाम करू नका. त्यानं मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायची लय बिघडते.

आणखी एक. गुडघे दुखतात म्हणून बऱ्याच जणी अर्धवट वाकून लघवी उरकतात. तसं केलं की तळ सैल पडत नाही, थोडी लघवी मागं राहते आणि लगेच पुन्हा लागते. भांड्यावर नीट बसा, घाई करू नका. झाल्यावर पुढं थोडं वाकून क्षणभर थांबा, उरलेली येते.

शहापूर_गल्ली

खानापूरच्या मावशींसाठी लिहिते. मी ताईंकडूनच शिकले. मलाही आधी काही कळत नव्हतं. आरशात बघितल्यावर समजलं की मी पोटच आत घेत होते. नंतर हळूहळू पटलं की कळ खरंच ओसरते. ते एकदा अनुभवलं की भीतीच निम्मी होते. मी गणपती बघायला बाहेर पडणं बंद केलं होतं. रात्रभर मिरवणूक, गर्दी, संडास कुठं शोधणार? आता पोरींबरोबर जाते. मोफत बस झाल्यापासून सगळ्याजणी यल्लम्माला जायच्या आणि मी घरी राहायचे. आता सौंदत्तीला जाऊन आले, रांगेत उभं राहून दर्शन घेतलं. रांगेत एकदा कळ आली, झटके दिले, गेली.

मृण्मयी_फिजिओ, बेळगाव

हे वाचून किती बरं वाटलं! जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांचा बसप्रवास फुकट झाला, पण दर गावात अशा किती जणी असतील ज्या फक्त या त्रासापायी तिकीट लागत नसूनही घरी बसल्या आहेत. मला त्यांच्यापर्यंत पोचायचंय.

कडोलीकर_वहिनी

माझं अंग बाहेर येतं. खाली गोळा लागतो, संध्याकाळी जास्त. लघवीची घाई पण आहे. हाच व्यायाम करू का? गावात म्हणतात पिशवी काढली की सगळं थांबतं.

मृण्मयी_फिजिओ, बेळगाव

वहिनी, तुम्ही आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. अंग किती उतरलंय त्यावर उपाय ठरतो. थोडं असेल तर याच व्यायामानं आराम पडतो, काहींना आत बसवायची रिंग देतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. पण घाईच्या लघवीसाठी पिशवी काढणं हा उपाय नाही. घाई मूत्राशयाची असते, गर्भाशय काढून ती जाईलच असं नाही. कुणी तसं सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. तोवर जड भारे उचलणं टाळा. उचलावंच लागलं तर आधी तळ आवळा, मग उचला, आणि खोकला-शिंक येतानाही तेच करा.

बाकीच्यांनाही सांगते. लघवीतून रक्त, जळजळ-ताप, लघवी अडणं, ओटीपोटात सतत दुखणं, किंवा पायात अचानक कमजोरी आणि बसायच्या जागेला बधिरपणा, यातलं काही असेल तर धागा वाचत बसू नका, दवाखाना गाठा. शेवटचं असेल तर त्याच दिवशी. काही जणींचे तळाचे स्नायू ढिले नसतात, उलट कायम आखडलेले असतात, संबंधाच्या वेळी दुखतं. त्यांना आवळण्याआधी सोडायला शिकावं लागतं. व्यायामानं दुखणं वाढलं तर थांबा आणि दाखवा.

येळ्ळूरची_सून

बेळगावात कुठं दाखवायचं? आणि तिथं काय म्हणायचं? मागं एकदा गेले होते, "या वयात होतंच" म्हणून परत पाठवलं.

मृण्मयी_फिजिओ, बेळगाव

जिल्हा रुग्णालयात आणि नेहरूनगरच्या केएलई रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहेत. केएलईचं फिजिओथेरपी कॉलेजही नेहरूनगरातच आहे. जाताना तीन दिवसांची वही घेऊन जा, वही समोर ठेवली की "होतंच" म्हणून टाळता येत नाही. स्पष्ट म्हण, "कळ आली की थांबत नाही, आठवड्यात अमुक वेळा कपडे बदलावे लागतात. लघवी तपासा, साखर तपासा, आणि तळाच्या स्नायूंचा व्यायाम मला हात लावून शिकवणारं कुणी आहे का ते सांगा." स्त्री फिजिओथेरपिस्ट मागायचा तुला हक्क आहे.

तुझं वजन वाढलंय असं तू मला खासगी निरोपात लिहिलं होतंस. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात जाड बायकांचं वजन सरासरी ८ टक्क्यांनी उतरलं, तेव्हा गळण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेच्या गटात ते २८ टक्क्यांनी घटले. म्हणजे ७० किलोच्या बाईनं साडेपाच-सहा किलो कमी केले तरी पुष्कळ.

निपाणीची_अक्का

नात लिहितीया. आज्जी उठायच्या आधी आवळतीया आता. काल दोनदा कोरडी पोचली. ती इचारतीया, बरं झाल्यावर सोडलं तर चालंल का? आन् शेजारच्या बिडीवाल्या बायका कन्नडच बोलत्यात, त्यांना कसं सांगू?

मृण्मयी_फिजिओ, बेळगाव

अक्का, शाब्बास! बरं झाल्यावर दिवसातून एकदा चालू ठेवा, अगदी सोडू नका. स्नायू वापरला नाही की पुन्हा ढिला पडतो.

कन्नडसाठी मी व्यायामाचा भाग एका पानात बसेल असा लिहून देते. अनगोळच्या योगताई, तुमच्या वर्गात कन्नड बायका आहेत ना? तुम्ही कन्नड करून द्याल का?

अनगोळ_योगवर्ग

देते की. माझ्या सासूबाई बैलहोंगलच्या आहेत, त्यांच्याकडून बोलीत लिहून घेते, पुस्तकी कन्नड नको. रविवारपर्यंत इथंच टाकते. आधी तुम्ही एकदा तपासा, मग अक्कांची नात शेजारी वाचून दाखवू दे.